सपाट देशांतील चौरस

मेजावर एक रुपया ठेवून तो वरून पाहा, वाटोळा दिसेल. आतां मान लववून डोळा मेजाच्या कडेशीं आणा. वाटोळेपणा लोपून केवळ एक रेघ उरते. ज्यांस वरून पाहणें म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, अशांचा एखादा देश असला तर? ह्याच कल्पनेवर एडविन अ‍ॅबट ह्यांनीं १८८४ सालीं ‘फ्लॅटलंड’ हें लहानसें इंग्रजी पुस्तक लिहिलें. अ‍ॅबट हे धर्मोपदेशक असून १८६५ पासून १८८९ पर्यंत ‘सिटी ऑफ लंडन स्कूल’ ह्या शाळेचे हेडमास्तर होते. पुस्तकावर मात्र त्यांनीं ‘एक चौरस’ एवढेंच नांव घातलें. कारण कथा सांगणारा चौरसच आहे.

ह्या सपाट देशांत लांबी-रुंदी आहे, उंची नाहीं. तेथील माणसें म्हणजे भूमितींतील आकृति. शिपाई व मजूर हे अणकुचीदार समद्विभुज त्रिकोण, मध्यम वर्ग समभुज त्रिकोण, सुशिक्षित धंदेवाले चौरस व पंचकोन, षट्कोनापासून पुढें सरदार, आणि ज्यांच्या बाजू मोजतां येऊं नयेत इतक्या, ते वर्तुळ म्हणविणारे धर्माधिकारी सर्वांच्या वर. स्त्रिया केवळ सरळ रेषा. त्यांस शिक्षण नाहीं. ज्याची आकृति बेडौल, त्याचें मनही दुष्टच, असा तेथील सिद्धांत! वाचक हंसतो खरा. पण हें व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या इंग्लंडचें चित्र आहे, हें लौकरच त्याच्या ध्यानीं येतें. जन्मावरून मनुष्याची योग्यता ठरविणारा समाज मोजपट्टीनें मन मोजूं पाहतो, हेंच ग्रंथकारास सुचवावयाचें आहे.

पुढें चौरस स्वप्नांत रेषेच्या देशीं जातो. तेथील राजास रुंदी म्हणजे काय हें कांहीं केल्या समजत नाहीं, आणि चौरस त्याच्या अज्ञानावर चिडतो. लगेच त्याच्यावरही तीच पाळी येते. उंचीच्या देशांतून एक गोल त्याच्या घरीं उतरतो. लिंबाच्या चकत्या क्रमानें पाहाव्या, तसें चौरसास एक वर्तुळ लहानाचें मोठें व पुन्हां लहान झालेलें दिसतें. गोल दिसत नाहीं. शेवटीं गोल त्यास वर उचलतो, तेव्हां बंद घरांचे अंतर्भागही उघडे दिसून त्याचे डोळे उघडतात.

मग शिष्य गुरूस विचारतो: रेषेस टोकें दोन, चौरसास कोपरे चार, घनास आठ, तर आणखी एका दिशेनें सोळा कोपऱ्यांची आकृति कां नसावी? प्रश्न ऐकून गोल संतापतो व शिष्यास खालीं लोटून देतो. स्वदेशीं परतल्यावर उंचीची वार्ता सांगितल्याबद्दल चौरसास जन्मभर तुरुंगवास घडतो. त्याचा हिशेब मात्र बिनचूक होता. सोळा कोपऱ्यांची ती आकृति गणितज्ञांच्या नित्य परिचयाची आहे.

राजाचें अज्ञान व तुरुंगाची भिंत ह्यांपेक्षां गोलाचा तो संताप आम्हां शिक्षकांस अधिक बोंचतो. ज्यानें दुसऱ्याचे डोळे उघडले, त्यानेंच आपले मिटून घेतले! वर्गांत एखाद्या मुलानें पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला असतां “खालीं बैस” म्हणून आम्हीं त्यास गप्प केल्याचे प्रसंग आम्हांस आठवतात. उत्तर आम्हांस येत नव्हतें, एवढेंच त्याचें कारण. पालकांनीं घरीं व आम्हीं शाळेंत ही चूक पुन्हां करूं नये. आणि मुलांनो, उद्यां तुम्ही आमच्याहून उंच व्हाल, तेव्हां खालच्यास हंसूं नका व वरच्या प्रश्नास भिऊं नका.