360 कोटी चौरस किलोमीटर, आणि दार बंद!

पोलिसांचे चार तारे! 'जीटीए सॅन अँड्रिअस'मध्ये वेळेआधी लॉस सँटोसची वेस ओलांडा. पडद्याच्या कोपऱ्यात चार तारे चमकतात, सायरन सुरू होतात, डोक्यावर हेलिकॉप्टर येतं. गुन्हा काय, तर पुढचं शहर बघायला निघालो!

आणि ते शहर होतं तरी किती लांब? खेळाचा अख्खा नकाशा सहा किलोमीटर लांब, सहा किलोमीटर रुंद. समुद्र धरून 36 चौरस किलोमीटर. चर्चगेटहून स्लो लोकल पकडली तर महालक्ष्मी येईतो नकाशा संपला! बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण 103 चौरस किलोमीटरचं आहे. हा सगळा खेळ, म्हणजे तीन शहरं, वाळवंट, डोंगर आणि विमानतळ, त्या उद्यानात जवळपास तीनदा बसेल. एवढ्याशा जागेतलं एक शहर खुलं आणि बाकीचं बंद. त्या बाकीच्यासाठी 2004 साली जगभरच्या पोरांनी किती शिव्या मोजल्या असतील, त्याचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीचा 'व्हाइस सिटी' तर आपल्याकडे सायबर कॅफेतच मोठा झाला. तिथं कारण दिलं होतं वादळाचं. चक्रीवादळ येतंय, पूल बंद! आभाळ निळंभोर, समुद्र शांत, माणसं किनाऱ्यावर फिरतायत, आणि पुलावर मात्र बॅरिकेड. खेळातली ठरावीक कामं उरकेपर्यंत ते वादळ काही हटत नाही. चीट कोड टाकला की रणगाडा हजर व्हायचा, पण रणगाडा असूनही पूल उघडायचा नाही. त्यात घड्याळ लावून पैसे मोजायचे, आणि आपल्या आधी बसलेल्यानं सेव्ह पुसलेलं असायचं. कित्येकांनी ते दुसरं बेट समोरच्या किनाऱ्यावरूनच पाहिलं.

पण आता त्या काळच्या यंत्राकडे बघा. प्लेस्टेशन 2 ची मुख्य मेमरी होती 32 एमबी. हल्ली फोननं काढलेला एक फोटो सहज चार एमबीचा होतो. म्हणजे आठ फोटोंच्या जागेत रस्ते, गाड्या, पाऊस, रेडिओ, पोलिस आणि आपण! अख्खं शहर एकदम मावायचंच नाही. बेट बदललं की खेळ थांबायचा आणि दुसरं बेट मेमरीत चढवायचा. आज आठ जीबीचा फोन खिशात असतो. तो त्या यंत्राच्या अडीचशेपट झाला. ज्यांनी आठ फोटोंच्या जागेत शहर वसवलं, त्यांना एक पूल बंद ठेवण्याची माफी द्यायला माझी हरकत नाही.

आता उडी मारू 2018 वर. 'रेड डेड रिडेम्प्शन 2'. संगणकावर हा खेळ 150 जीबी जागा मागतो. दिवसाला दोन जीबीचं पॅक असेल तर नुसता उतरवायला 75 दिवस, म्हणजे गुढीपाडव्याला सुरुवात केली तर पाऊस आला तरी खेळ यायचाच! बरं, आला. घोड्यावर बसलो, पश्चिमेकडे न्यू ऑस्टिनला निघालो. तर कुठून तरी एक गोळी येते आणि खेळ खलास. गोळी मारणारा कुठंच दिसत नाही. कुंपण नाही, पाटी नाही, वादळाची थापसुद्धा नाही! तो प्रदेश मोकळा होतो गोष्ट संपल्यावर, उपसंहारात, आणि मुख्य गोष्टीलाच साधारण 50 तास लागतात. तेवढ्या वेळात राजधानी एक्स्प्रेसनं मुंबई–दिल्ली तीनदा होईल. चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. हाच न्यू ऑस्टिन 2010 च्या पहिल्या भागात होता, तिथं तर खेळ सुरूच त्या प्रदेशात होत होता. आठ वर्षांनी त्याच प्रदेशाच्या वाटेवर गोळी! आणि तो मुलूख आहे कुठं? आपल्याच डिस्कवर, आपण पैसे मोजून, 75 दिवस खपून उतरवलेला.

कुलूप कसं घालावं हे 2017 च्या 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'कडून शिकावं. सुरुवातीला एका उंच पठारावर अडकवतात, पण कड्यावरून सगळं राज्य दिसतं. उतरायला पॅराग्लायडर मिळवा, की सगळा नकाशा मोकळा. कुलपाबद्दल तक्रार करायची आठवणसुद्धा होत नाही.

असो. एवढा वेळ आपण अंगणातच फिरत होतो. आता वेशीबाहेर पडू.

'माइनक्राफ्ट'. सगळं जग ठोकळ्यांचं, एक ठोकळा एक मीटरचा. मधोमध उभे राहा आणि नाकासमोर चालू लागा. हद्द किती दूर? तीन कोटी ठोकळे, म्हणजे 30,000 किलोमीटर! खेळातला माणूस ताशी साडेपंधरा किलोमीटरनं चालतो. न झोपता, न थांबता चालला तरी काठाला पोचायला 80 दिवस. आता डेक्कन क्वीन घ्या. मुंबई ते पुणे रेल्वेनं 192 किलोमीटर. सकाळी मुंबई, संध्याकाळी परत पुणे, रोज 384 किलोमीटर. तेवढं अंतर तोडायला तिला 78 दिवस! 1930 पासून धावणारी आपली राणी त्या न झोपणाऱ्या माणसाच्या दोन दिवस आधी पोचते, तेही रोज रात्री विश्रांती घेऊन.

आणि हे झालं एकाच दिशेला. सगळा चौकोन धरला तर 60,000 किलोमीटर गुणिले 60,000 किलोमीटर, म्हणजे 360 कोटी चौरस किलोमीटर. समुद्रासकट पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग 51 कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे सात पृथ्व्या! महाराष्ट्र मोजायचे तर 11,700. आणि खोली? तळापासून आभाळापर्यंत 384 ठोकळे. कोयना धरण भरलं की 105 टीएमसी, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. माइनक्राफ्टच्या त्या पोकळीत पाणी ओतायचं ठरवलं तर 46 कोटी कोयना रिकाम्या कराव्या लागतील!

आणि या सगळ्याच्या कडेला काय आहे? भिंत. इथंही हद्द आहेच, झिलमिलणारी, आरपार दिसणारी. चारही बाजू मिळून 2,40,000 किलोमीटर लांब, म्हणजे विषुववृत्ताला सहा वेढे. भारतीय रेल्वेचे सगळे मार्ग एकापुढे एक जोडले तरी ती निम्मीसुद्धा झाकणार नाही. पण या भिंतीवर कुणी चिडल्याचं ऐकलंय? 80 दिवस न झोपता चालणार कोण! राग येतो तो कोपऱ्यावरच्या, हाताच्या अंतरावरच्या दाराचा. किलोमीटर वाढले की संताप कमी होतो, हे एवढं गणित माझ्या पदरचं समजा.

पण थांबा, अजून आकाश बाकी आहे.

2016 चा 'नो मॅन्स स्काय'. त्यातले ग्रह: 1,84,46,74,40,73,70,95,51,616. एकं, दहं, शतं करत आपली मोजणी परार्धापाशी संपते, आणि इथं 184 परार्ध झाले तरी उरतातच! बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत गेलेली गोष्ट आठवते ना, जिच्यात राजाचं कोठार रिकामं झालं? त्या सगळ्या पटावरच्या दाण्यांपेक्षा हा आकडा बरोब्बर एकानं जास्त आहे. 2011 च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला वाटायला घेतले तर माणशी 16,400 कोटी ग्रह. तान्ह्या बाळालासुद्धा 16,400 कोटी! एका सेकंदाला एक ग्रह बघून पुढं गेलात तर 58,500 कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं सांगतात. तेवढ्यात विश्व 42 वेळा जन्मून म्हातारं व्हावं लागेल. प्रत्येक ग्रहाच्या दारात एक पैसा जकात ठेवली तर जमणारी रक्कम केंद्राच्या 2025-26 च्या 50 लाख 65 हजार कोटींच्या अर्थसंकल्पाला 3,600 हून जास्त वर्षं पुरेल. एक पैसा हं, रुपया नाही!

आणि इथं तरी मोकळीक असेल ना? छे! सुरुवातीला फक्त पिवळे तारे. तांबड्या ताऱ्यांकडे जायला कॅडमियम ड्राइव्ह लागतो, हिरव्यांना एमेरिल, निळ्यांना इंडियम. 184 परार्ध ग्रह बांधले आणि तिथंही रंगांची कुलपं! 58,500 कोटी वर्षं उलटल्याशिवाय जे संपणार नाही, त्यातलं काही आधी संपवू नये म्हणून ही काळजी.

मग सगळ्यात मोठं कुलूप कुणाचं? 'द क्रू'चं. 2014 मध्ये आलेला गाड्यांचा खेळ. लहान करून का होईना, अख्खी अमेरिका, न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत, सलग रस्त्यांनी जोडलेली. एकटं खेळायचं तरी कंपनीचा सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले. पूल नाही, वादळ नाही, तारे नाहीत. दोन्ही किनाऱ्यांमधला प्रत्येक रस्ता एका दिवसात बंद, पैसे मोजलेल्यांनाही बंद. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तेवढी माणसं बसवायला तीसहून जास्त वानखेडे स्टेडियम लागतील.

तेव्हा पुढचा खेळ घेताना वेष्टणावरचे चौरस किलोमीटर सावकाश वाचा. आधी तो नेट बंद करून चालतो का, एवढं विचारा. चालत नसेल, तर त्या नकाशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.