गोळीनंतरची मळमळ

वाराणसीच्या दुर्गाघाट व ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून नांदत आली आहेत. अशा एखाद्या घरातील रुग्ण दवाखान्यात सांगतो, "मला पेनिसिलिन सोसत नाही." खोदून विचारले, तर पूर्वी एकदा गोळी घेतल्यावर मळमळले होते, एवढेच निघते. तरीही कागदावर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' अशी नोंद होते आणि ती जन्मभर पाठ सोडत नाही.

वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न आहेत. ॲलर्जीत शरीराची संरक्षक यंत्रणाच औषधाला शत्रू मानते. अंगावर गांधी उठतात, चेहरा सुजतो, श्वास कोंडतो, क्वचित प्राणावर बेतते. मळमळीचा संबंध बहुधा पोटाशी असतो. चुकीच्या नोंदीमुळे मात्र स्वस्त व गुणकारी औषध कायमचे दुरावते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा दुखावलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचेच इंजेक्शन द्यावे लागते. त्याच्या बाबतीत अशी चूक फार महागात पडते.

मळमळ औषधानेच झाली, हे ठरवणे सोपे नाही. ती तापातही होते. म्हणून संशोधक रुग्णांचे दोन गट करतात. एकाला खरे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषधाचा अंश नसलेली गोळी देतात. पेनिसिलिन गटातील अमॉक्सिसिलिनच्या अशा ४५ चाचण्यांचा आढावा २०१५ साली कॅनडातील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आश्चर्य असे, की औषध घेणाऱ्यांत मळमळ व उलटी लक्षणीय वाढलेली आढळली नाही. जुलाब वाढले होते, पण ते क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेल्या गोळीने. ही मिश्र गोळी जेवणाच्या आरंभी घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो.

मात्र अनेक चाचण्यांत दुष्परिणामांची नोंद नीट ठेवलेली नव्हती, असेही आढावाकारांनी प्रांजळपणे नमूद केले. औषधांचे दुष्परिणाम पद्धतशीर नोंदवण्यासाठी भारतात २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतही त्याचे केंद्र आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही स्वतः नोंद करू शकतो. 'औषध बाधले' एवढे सांगून तेथे भागत नाही. गोळीचे नाव, ती घेतल्यावर किती वेळाने काय झाले आणि सोबत दुसरे कोणते औषध चालू होते, हे सांगावे लागते.