बूट घ्या, पण कोर्टाला विचारून

२० फेब्रुवारी २०१९. अमेरिकेतल्या डरहॅम शहरात ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते. ड्यूकचा झायन विल्यमसन चेंडू टप्प्यावर खेळवत पुढे आला आणि दिशा बदलण्यासाठी त्याने डावा पाय रोवला. त्याच क्षणी बुटाचा सोल उसवला आणि पाय बुटातून बाहेर आला. सुमारे १२९ किलो वजनाचा हा खेळाडू कोसळला, त्याचा उजवा गुडघा दुखावला आणि पुढचे काही सामने त्याला बाकावर बसून काढावे लागले.

दिशा बदलताना खेळाडू जमिनीला ढकलतो आणि जमीन त्याला उलट ढकलते. हे सगळे बल बुटातूनच शरीरापर्यंत पोहोचते. त्यामुळे बास्केटबॉलचा बूट पारखताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : सोल आणि जमीन यांची पकड, धक्का शोषणारा मधला थर आणि पाय जागच्या जागी धरून ठेवणारा वरचा भाग. दुकानात आपली नजर मात्र आधी रंगाकडे आणि बुटावरच्या खेळाडूच्या नावाकडे जाते.

पकडीपासून सुरुवात करू. रबर आणि फरशी यांचे रेणू अगदी जवळ आले की एकमेकांना ओढतात. गुळगुळीत लाकडी कोर्टावर मऊ रबर फरशीला नीट टेकते, खऱ्या स्पर्शाचे क्षेत्रफळ वाढते आणि बूट घट्ट धरतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर आणखी एक गोष्ट घडते. रबर तिथल्या बारीक उंचवट्यांवर दबते, सुटते, पुन्हा दबते. या दबण्यासुटण्यात ऊर्जा खर्ची पडते आणि तेही घर्षण म्हणून जाणवते. मध्ये धूळ आली की रबर फरशीला भिडतच नाही, ते धुळीच्या कणांवरून घसरते. म्हणूनच एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे खेळाडू सामन्यात अधूनमधून हाताने सोल पुसतात किंवा कोर्टाच्या कडेला ठेवलेल्या चिकट चटईवर पाय घासून आत येतात.

आपल्याकडचा प्रश्न इथेच सुरू होतो. नामांकित खेळाडूंच्या नावाचे बहुतेक बूट लाकडी कोर्ट डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असतात, तर महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांची आणि सोसायट्यांची बरीच कोर्ट्‌स उघड्यावरची, सिमेंटची असतात. मऊ रबरासाठी सिमेंट म्हणजे कानसच. रोज खेळणाऱ्या मुलाच्या सोलवरची नक्षी पंजाखाली आणि अंगठ्याच्या कडेला बघता बघता सपाट होते, कारण वळताना आणि थांबताना सगळा भार तिथेच येतो. सिमेंटवर खेळायचे असेल तर सोल जाड आणि जरा कडक रबराचा हवा. नक्षीच्या खाचा खोल आणि रुंद हव्यात, म्हणजे धूळ खाचांत जाईल आणि रबर जमिनीला टेकेल. रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड, मिसळली की ते झिजेला जास्त दाद देत नाही. गाडीचे टायर काळे असतात ते त्यामुळेच. दुकानात सोलच्या कडेला अंगठ्याचे नख दाबून पाहा. नख सहज रुतत असेल, तर तो बूट सिमेंटवर फार दिवस टिकणार नाही.

पकड जास्तीत जास्त असावी, असे मात्र नाही. पाय जमिनीला खिळला आणि शरीर वळले, तर पीळ गुडघ्याला बसतो. नॉर्वेतील हँडबॉल खेळाडूंच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लाकडी फरशीपेक्षा जास्त घर्षणाच्या कृत्रिम फरशीवर खेळणाऱ्या महिलांमध्ये गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका अधिक आढळला होता.

आता मधला थर, म्हणजे मिडसोल. यात बहुधा ईव्हीए नावाचा फोम असतो. त्यात वायूने भरलेल्या असंख्य बंद पोकळ्या असतात. रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू उडी मारून, घेऊन खाली येताना जमिनीकडून बसणारा धक्का शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. पोकळ्या दबतात तेव्हा हा धक्का काही क्षणांवर पसरतो आणि त्याचे शिखर खाली येते. लाकडी फरशी स्वतःही थोडी दबते, सिमेंट अजिबात दबत नाही. त्यामुळे सिमेंटवर खेळणाऱ्याला हा थर जास्त लागतो. पण जाड आणि फार मऊ फोमवर पाय जमिनीपासून उंच जातो आणि कडेला कलंडणे सोपे होते. तेव्हा पंजाच्या बाहेरच्या कडेला सोल थोडा पसरट आहे ना, हे बघून घ्यावे. फोम हळूहळू थकतोही. पोकळ्या चेपून मिडसोलवर कायमच्या आडव्या सुरकुत्या पडल्या, की वरून नवा दिसणारा बूटही धक्का नीट शोषत नाही.

आता वरचा भाग. घोटा झाकणाऱ्या उंच कॉलरचा बूट घेतला की घोटा मुरगळत नाही, ही पालकांची ठाम समजूत असते. १९९३ साली अमेरिकेत ६२२ महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि बुटक्या कॉलरचे बूट देऊन तुलना केली गेली. बुटाचा प्रकार आणि घोट्याच्या दुखापती यांचा ठोस संबंध दिसला नाही. एनबीएतला नामवंत खेळाडू कोबी ब्रायंट यानेही २००८ साली आपल्या नावाचा बूट बुटक्या कॉलरचा करून घेतला, तो तसेच बूट घालणाऱ्या फुटबॉलपटूंकडे पाहून. मग घोटा दुखावतो कशाने? ऑस्ट्रेलियातील बास्केटबॉल खेळाडूंच्या २००१ च्या अभ्यासात घोट्याच्या जवळजवळ निम्म्या दुखापती उडीनंतर खाली येताना झालेल्या होत्या. ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला होता, त्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. म्हणजे जुना मुरगळलेला घोटा पूर्ण बरा होऊ देणे आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम करणे, याला कॉलरच्या उंचीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

राहिले माप. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा ते युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. परदेशी मापाचा बूट लांबीला बरोबर बसूनही करंगळीपाशी आवळतो, त्याचे हेही एक कारण असू शकते. अशा वेळी लांबी वाढवून रुंदी मिळवू नये. रुंद साच्याचे दुसरे मॉडेल शोधावे. मुलांना ‘वाढत्या पायाचे’ बूट घेण्याची सवयही या खेळात महागात पडते. बूट सैल असेल तर झपकन थांबताना सोल थांबतो आणि पाय आतल्या आत पुढे सरकतो. बोटे टोकावर आपटतात, नखे काळी पडतात, टाच उचलली जाते. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. खेळताना घालतो तेच मोजे घालावेत. उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोजावी. मग लेस घट्ट बांधून दुकानातच दोन पावले पळावे, थांबावे, कडेला उडी मारावी. पाय आत सरकला तर तो जोड परत ठेवावा, मग त्यावर कितीही सवलत असो.

पैसे मोजकेच असतील तर आधी माप, मग सोल, मग मिडसोल असा क्रम ठेवावा. नाव आणि रंग सर्वांत शेवटी. आणि शाळांना, क्रीडा मंडळांना एक कळकळीची विनंती : सराव सुरू होण्याआधी कोर्ट रोज झाडून घ्या. धूळ निघाली की साध्या बुटालाही पकड मिळते आणि त्याचा फायदा नवा जोड परवडणाऱ्या मुलाइतकाच न परवडणाऱ्या मुलालाही होतो.