थायमसमधील जनुक-नियमन आणि स्वप्रतिरक्षा विकार

केंदूर-पाबळ परिसरात व्यवसाय करताना आम्हांस एक मागणी वारंवार ऐकावी लागते : "डॉक्टर, जरा पावर वाढंल असं काही द्या." आमवाताचा रुग्ण असो वा थायरॉइडचा, मागणी हीच, आणि औषधी दुकानांतूनही प्रतिकारशक्तीच्या नावावर बाटल्या खपतात. वस्तुतः स्वप्रतिरक्षा विकारात शक्ती उणी नसते, स्व-पर विवेक ढळलेला असतो. हा विवेक कोठे घडतो, ते व्यवसायबंधूंनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत टी-पेशी परिपक्व होतात व तेथेच त्यांची परीक्षा होते. इन्शुलिन स्वादुपिंडाने निर्माण करावे, हा सामान्य नियम. परंतु थायमसच्या गाभ्यातील काही पेशी इन्शुलिनसह इतर अवयवांची हजारो प्रथिने अल्प प्रमाणात स्वतः बनवितात. ही मुभा देणारे मुख्य जनुक म्हणजे 21 व्या गुणसूत्रावरील 'एअर'. ते 1997 मध्ये ओळखले गेले. या स्वकीय नमुन्यांना जी टी-पेशी घट्ट चिकटते, ती तेथेच नष्ट केली जाते किंवा इतरांना आवरणारी नियामक पेशी बनते. नवजात उंदरांची थायमस तिसऱ्या दिवशी काढल्यास त्यांना स्वप्रतिरक्षा विकार जडतात. या निरीक्षणाचा मागोवा घेत जपानच्या साकागुची यांनी 1995 मध्ये नियामक पेशी दाखविल्या. 2025 च्या नोबेलचे ते एक मानकरी. (यात 'ओज' शोधण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो; संहितांचे मोठेपण अशा ओढाताणीवर अवलंबून नाही.)

'एअर'च्या दोन्ही प्रती सदोष असल्यास बहुधा बालपणीच एक दुर्मिळ व्याधी उद्भवते. मुखात बुरशीचा वारंवार संसर्ग, कॅल्शियम घटल्याने हातापायांस पेटके वा आचके, पुढे अधिवृक्क ग्रंथी निकामी होऊन त्वचा काळवंडणे, वांत्या, रक्तदाब उतरणे, मिठाची ओढ. फिनलंड, सार्डिनिया व इराणी ज्यू समाजात ही व्याधी अधिक आढळते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहेच. आईबापांचे रक्ताचे नाते असल्यास अशा आनुवंशिक व्याधींचा संभव वाढतो. म्हणून कुलवृत्त विचारताना हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

नुसत्या मुखपाकाचे निदान करून अशा बालकास रसायन देत राहणे धोक्याचे आहे. अधिवृक्क निकामी झालेल्या रुग्णास स्टिरॉइड हे औषध नसून शरीरात न बनणाऱ्या द्रव्याची भरपाई असते. 'आयुर्वेद सुरू केला, आता इंग्रजी गोळ्या बंद' हा सल्ला त्याच्या प्राणावर बेततो. ज्वर आल्यास तर त्या गोळ्यांची मात्रा तज्ज्ञांच्या सल्ल्याने वाढवावी लागते.