घर बांधा, पण पऱ्ह्या राखा

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. बांधण्यापूर्वी जागा पारखावी, हेही ते जाणून होते. कोकणातील जुनी वाडी पाहा. सखल मळ्यात भातखाचरे, कडेच्या उंचवट्यावर घरे, वर वरकस उतार व झाडी आणि एका अंगाला देवराई. घरासाठी पिकती जमीन सहसा मोडली जात नसे.

मंडणगड आता नगरपंचायतीचे गाव आहे. शाळा, दवाखाना, कचेरीच्या सोयीसाठी माणसे तालुक्याच्या ठिकाणी राहू पाहतात. मुंबईकर भाऊबंदही गावी घर बांधू इच्छितात. घरे हवीतच, ती कोठे बांधायची, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्यावर तीन लाख लिटरहून अधिक पाणी पडते. सड्यावर पडलेल्या पाण्यापैकी काही जांभ्याच्या भेगांतून मुरते आणि पायथ्याच्या झऱ्याला, विहिरीला मिळते. झाडी तोडून जमिनीवर सिमेंट पसरले, की ते मुरायचे थांबते. पावसाळ्यात पूर आणि एप्रिलात कोरडी विहीर, ही एकाच चुकीची दोन फळे. पऱ्ह्या बुजवून प्लॉट पाडले, तर पाणी वाट सोडत नाही. ते शेजाऱ्याच्या खाचरात शिरते.

डोंगरउताराचे तर अधिकच जपावे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण येथे दरड कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या महाड तालुक्यात तळिये येथे ८० हून अधिक जण दगावले. अतिवृष्टीने माती भिजून जड होते. अशा वेळी उताराचा पायथा खणलेला असेल, तर तिचा आधारच गेलेला असतो.

म्हणून घर बांधताना एवढे पाळावे :
१. पऱ्ह्याच्या काठापासून अंतर सोडावे; मोरी टाकून त्याचे तोंड अरुंद करू नये.
२. उताराचा पायथा उभा कापू नये. कापणे भागच असेल, तर धारक भिंत बांधून पाणी निघायला भोके ठेवावीत.
३. छपराचे पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात घ्यावे.
४. सगळे अंगण सिमेंटचे करू नये.
५. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून दूर व तिच्या खालच्या अंगाला घ्यावा.

‘जमीन आमची, मग विकायची का नाही?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पुण्यातही १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले, तेव्हा मालकांच्या मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. म्हणून आराखडा होत असतानाच आपण बोलले पाहिजे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखडा जाहीर झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना देता येतात. नकाशात आपला पऱ्ह्या, झरा आणि देवराई दाखवली आहे का, ते स्वतः पाहावे. नसल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

प्लॉट विकून आलेला पैसा संपतो. आटलेला झरा मात्र पैशाने परत आणणे फार कठीण, आणि त्याची झळ आधी बसते ती डोक्यावर हंडा घेणाऱ्या घरच्या लक्ष्मीला.