जीपआजोबांना जपायचं कसं?

मुलांनो, सोलापूर जिल्ह्यात कुठंही जा. बार्शीला जा, करमाळ्याला जा, नाहीतर मंगळवेढ्याला जा. एखाद्या वाड्याशेजारी, कडुनिंबाच्या सावलीत, एक जुनी जीप उभी असलेली दिसेलच. रंग उडालेला, हूड उसवलेलं, बॉनेटवर खुशाल कोंबडी बसलेली! पण किल्ली फिरवली की दोनदा खोकते आणि होते सुरू. मग शेतातली खताची पोती असोत, दवाखान्यात न्यायची आजी असो, नाहीतर पंढरपूरला निघालेली मंडळी असोत, सगळ्यांना घेऊन ती निघते.

अशी जीप तुमच्या घरी असेल, मामाकडं असेल किंवा शेजारच्या काकांकडं असेल. तिला या वयातही धडधाकट कसं ठेवायचं आणि तिच्यात काय काय सामान असायला हवं, ते आज पाहू या. गाडी चालवायला मात्र अठरा वर्षं पूर्ण आणि लायसन हातात हवं, हे आधीच सांगून ठेवतो! पण गाडी ओळखायला आणि तिची निगा राखायला वयाची अट नाही.

आजोबांचा जन्म कधीचा?

ही गोष्ट १९४० सालची. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. अमेरिकेच्या सैन्याला चिखलातून, वाळूतून, दगडधोंड्यांतून जाणारी छोटी, हलकी गाडी हवी होती. नमुन्याची गाडी करून द्यायला मुदत किती? फक्त ४९ दिवस! 'बँटम' नावाच्या लहानशा कंपनीनं हे आव्हान पेललं आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी हजर केली. पुढं 'विलीज' आणि 'फोर्ड' या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या.

आपल्याकडं १९४७ च्या सुमारास महिंद्रा कंपनीनं हे काम हाती घेतलं. सुरुवातीला अमेरिकेतून सुटे भाग यायचे आणि मुंबईत जोडले जायचे. मग हळूहळू भागही इथंच बनू लागले. पुढं डिझेल इंजिनं आली, 'एमएम ५४०' सारखी मॉडेलं आली. पण मूळचा घाट तोच राहिला. म्हणून तर आजही जुन्या जीपचं पोट उघडलं की गावातला मिस्त्री पाना घेऊन सरळ कामाला लागतो. तिच्यात कॉम्प्युटर नाही. जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं.

दोन छोटे दांडे

जीपमध्ये डोकावून पाहा. नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक-दोन छोटे दांडे दिसले, तर समजा ही चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे. (सगळ्याच जीप तशा नसतात हं! गावोगाव वडापच्या धंद्यात धावलेल्या कितीतरी जीपची फक्त मागची चाकंच जोर लावतात.) यातल्या एका दांड्यानं पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते. दुसऱ्यानं गाडीचा वेग निम्म्याहून कमी होतो, पण चाकांचा जोर दुपटीनं वाढतो. बैल चढावर कसा मान खाली घालून सावकाश ओढतो, अगदी तसं.

मग हा दांडा कायमचाच टाकून ठेवला तर? चालणार नाही. का, ते कळायला एक प्रयोग करा. सायकलची दोन्ही चाकं ओली करा आणि कोरड्या फरशीवर एक गोल वळण घ्या. आता खाली उमटलेल्या रेघा पाहा. पुढच्या चाकाचा गोल मोठा आणि मागच्याचा लहान! म्हणजे वळताना पुढच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं. जुन्या जीपमध्ये हा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हिशोब जुळतो. डांबरी रस्त्यावर मात्र चाकं घसरत नाहीत. मग सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो आणि एक दिवस काहीतरी मोडतं. म्हणून नियम साधा: चिखल, वाळू, ओला चढ इथं चारही चाकं, पक्का रस्ता लागला की पुन्हा दोन.

ऊन आणि पाणी

सोलापूरचा मे महिना तुम्हांला ठाऊकच आहे. पारा सहज बेचाळीसच्या पुढं जातो. अशा उन्हात इंजिनाला गार ठेवण्याचं काम रेडिएटर करतो. आपल्या भागात बोअरचं पाणी जड. बंबाच्या आत पांढरे थर साचतात ना, तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतात आणि पाणी फिरेनासं होतं. म्हणून बोअरचं पाणी न ओतता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण घालावं. रेडिएटरच्या जाळीत गवताचं कुसळ, किडे, चिखल अडकतो. तो इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, हलक्या धारेनं धुवावा. जोराच्या धारेनं जाळी वाकते.

इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. शिट्टी न काढता प्रेशर कुकर उघडला तर काय होईल? इथंही तेच. आत दाबाखाली असलेलं पाणी झाकण निघताच उसळून तोंडावर येतं. गाडी सावलीत लावा, अर्धा तास गप्पा मारा, मग मोठ्या माणसांना फडकं धरून सावकाश उघडू द्या.

पेट्रोलवरच्या जीपचं उन्हात आणखी एक दुखणं असतं. इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होते आणि गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाजवळच्या त्या छोट्या पंपावर, ओलं फडकं ठेवतात. वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू!

आता पेट्रोलची नवी गोष्ट ऐका. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने किती! ऊस गाळताना निघणाऱ्या मळीपासून इथेनॉल तयार होतं. पण जुन्या जीपच्या रबरी नळ्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, तडकतं. कितीतरी जुन्या जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. नळी पाझरली तर आगीचा धोका! म्हणून नळ्या दाबून, वाकवून पाहाव्यात. तडा दिसला की लगेच बदलाव्यात, आणि बदलताना इथेनॉल चालणारीच नळी मागावी.

तेल, ग्रीस आणि धूळ

माळरानावरची धूळ इंजिनात गेली तर आतून कानशीच फिरते म्हणा ना! जुन्या जीपच्या एअर फिल्टरच्या तळाशी तेल असतं. आत येणारी हवा त्या तेलावरून वळते, धूळ तेलाला चिकटते आणि स्वच्छ हवा पुढं जाते. कच्च्या रस्त्यावर रोज फिरणं असेल तर हे तेल लवकर चिखलासारखं होतं. मग ते काढून, भांडं पुसून, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं.

गाडीखाली वाकून पाहिलं तर जागोजागी छोट्या बोंडांसारखी निपलं दिसतील. कमानीच्या पाट्यांची टोकं, स्टिअरिंगचे सांधे, शाफ्टचे क्रॉस, सगळीकडं. ग्रीसगननं तिथं ग्रीस भरायचं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसू लागलं की पुरे. ओढा ओलांडून आल्यावर दोन्ही आसांतलं तेल तपासायला सांगा. ते दुधासारखं पांढुरकं झालं असेल, तर आत पाणी शिरलंय. बदललंच पाहिजे.

आधी ब्रेक, मग भोंगा

जुनी जीप घेतली की काहीजण काय करतात? मोठ्ठा भोंगा, चार दिवे, रुंद टायर! दिसायला झकास. पण पैसे हातात असतील तर ते सगळ्यांत आधी कुठं जावेत? ब्रेकवर!

कारण असं. आजच्या मोटारीत ब्रेकच्या तेलाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी निम्मे ब्रेक लावते. जुन्या जीपमध्ये मात्र चारही चाकांना मिळून वाट एकच. एका चाकाजवळ तेल गळलं, की पाय थेट तळाला आणि चारही ब्रेक गायब! म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक दाबून पाहायचा. तो कडक लागला पाहिजे. स्पंजासारखा मऊ लागला, दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेला किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर त्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही. लग्न असो की बाजार!

हँडब्रेकचंही एक वेगळेपण आहे. कितीतरी जुन्या जीपमध्ये तो चाकांवर लागत नाही, मागं जाणाऱ्या शाफ्टवर लागतो. उभ्या गाडीसाठी तो छान. धावत्या गाडीत ओढला तर शाफ्टला आणि गिअरला जोराचा झटका बसतो.

ब्रेकनंतर टायर, टायरनंतर दिवे आणि वायरिंग. जादा दिवे लावलेच तर फ्यूज हवाच. नाहीतर जुनी वायर तापून जळते. बाबांनी सीटबेल्ट बसवायचं मनावर घेतलं असेल तर त्यांना भोंग्याच्या आधी तेच करू द्या! आणि पुढं लोखंडी बंपरगार्ड लावायचा विचार असेल तर थांबा. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे. गाडीचा मूळ सांगाडा किंवा इंजिन आरटीओच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एमएच १३ म्हणजे सोलापूर आणि एमएच ४५ म्हणजे अकलूज. तुमच्या जीपचं पुस्तक काढून तारीख पाहा बरं!

पेटीत काय काय असावं?

चांगली स्टेपनी, जॅक आणि चाकाचा पाना. जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, कारण ओल्या काळ्या रानात नुसता जॅक गाडीऐवजी स्वतःच खाली जातो! जादा फॅनबेल्ट, फ्यूज, पक्कड, पान्यांचा संच, बाइंडिंग वायर. हवेचा पंप आणि दाब मोजायचं मीटर. फावडं, जाड दोर, दोन रिकामी गोणपाटं. पाच-दहा लिटर पाणी, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी आणि छोटं अग्निशामक. हे सगळं दोरानं नीट बांधून ठेवायचं. गाडी उडाली की सुटा जॅक तोफगोळ्यासारखा उडतो.

काळी माती आणि पूर

आपली काळी माती पाणी पिते, फुगते आणि मेणासारखी चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत! अशा वेळी चाक फसलं तर ॲक्सिलरेटर रेटत बसू नये. चाक जितकं जोरानं फिरेल तितका खड्डा खोल होतो. खाली उतरा, चाकापुढची माती फावड्यानं काढा, आणि चाकाखाली तुराट्या, कडब्याची पेंढी किंवा गोणपाट घाला. टायरची थोडी हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पक्क्या रस्त्यावर येताच पंपानं हवा पुन्हा भरायची. चाकाखाली काही घातलं असेल तेव्हा गाडीच्या मागं कुणी उभं राहायचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा भागातल्या गावांनी पाण्याची ताकद पाहिली. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर जीप असली तरी थांबायचं. दोन फूट वाहतं पाणी मोठी गाडीसुद्धा ढकलून नेतं. आणि पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेलाय, हे वरून कुणालाच दिसत नाही. साध्या ओढ्यातून आलात, तर पुढं थोडं अंतर हळू जात ब्रेक हलकेच दाबत राहायला सांगा. ओले ब्रेक धरत नाहीत. ते असे वाळतात.

आणखी एक धोका वळणावर असतो. जुनी जीप उंच आणि आखूड. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अंतर जेमतेम ८० इंच! त्यात मागं दहा-बारा जण लटकले, टपावर पोती चढली, की वेगात वळताना ती कलंडते. म्हणून जितक्या जागा तितकीच माणसं. आणि बॉनेटवर बसून मिरवणूक तर मुळीच नको.

जीप कुठंही जाते म्हणून ती कुठंही न्यायची, असंही नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. हा पक्षी झाडावर घरटं करत नाही. उघड्या माळावर, जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा एकच. आता हे पक्षी फारच थोडे उरलेत. तुमच्या-माझ्या डोळ्यांना जो रिकामा माळ दिसतो, तिथं कुणाचं तरी घर असतं. म्हणून गाडी नेहमी मळलेल्या वाटेवरूनच न्यावी.

तुमचं काम!

एक दोनशेपानी वही घ्या. पहिल्या पानावर जीपचा नंबर आणि मॉडेल लिहा. मग दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना आणि मोठं माणूस सोबत असताना, या सहा गोष्टी पाहा: इंजिनचं तेल, रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं तेल, बॅटरीचं पाणी, चारही टायर व स्टेपनीची हवा, आणि फॅनबेल्ट. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच खाली जावा. शेवटी, रात्री गाडी जिथं उभी होती तिथली जमीन पाहा. डाग पडलाय का? डाग काळा असेल तर इंजिनचं तेल, पातळ आणि चाकाजवळ असेल तर ब्रेकचं. तारीख, किलोमीटर आणि जे दिसलं ते लिहून ठेवा.

गाडी गॅरेजला नेली की ही वही मिस्त्रीकाकांपुढं ठेवा. कुठलं तेल कधी बदललं, कुठल्या चाकाजवळ ओल दिसली, हे त्यांना एका नजरेत कळेल. निम्मा वेळ वाचेल, बाबांचे पैसेही वाचतील. आणि काय सांगावं, पुढच्या खेपेला मिस्त्रीकाका तुमच्याच हातात ग्रीसगन देतील!