भाराभर चिंध्यांचे अर्थशास्त्र

श्रमविभागणी शिकविताना ॲडम स्मिथचा टाचण्यांचा कारखाना टाळून पुढे जाता येत नाही. दहा कामगारांनी काम वाटून घेतले तर दिवसाला 48,000 टाचण्या तयार होतात. प्रत्येकाने एकट्याने सारे करावयाचे म्हटले तर त्याच्या हातून वीसही होणार नाहीत. गेल्या वर्षी वर्गात हेच सांगत असता मागच्या बाकावरील एक विद्यार्थी वहीत काही रेखाटताना दिसला. मी वही काढून घेतली. पानावर दहा माणसे होती आणि प्रत्येकाच्या हाताच्या जागी एकेक अवजार होते. ‘‘याला परीक्षेत गुण नाहीत,’’ असे सुनावून मी तास पुढे चालू केला.

सायंकाळी मांजरीस घरी परतलो आणि माझ्याच कपाटाकडे लक्ष गेले. एका खणात जलरंग, दुसऱ्यात शाडूचे अर्धवट मुखवटे, तिसऱ्यात लिनोलियमचे तुकडे आणि कोरण्या. चाळिशी उलटल्यावर जडलेला हा नाद. मांजरीच्या द्राक्षबागा चितारण्यापासून त्याचा आरंभ झाला. 2021 साली मांजरी बुद्रुक महापालिकेत आले. बागांशेजारी इमारती उभ्या राहिल्या आणि माझ्या चित्रांतही. घरी येणारे स्नेही कपाट पाहून हसतात : ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : ‘यातले काही विकले का?’

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाने गंभीरपणे घ्यावयास हवा. एकाच माध्यमात राहिलो असतो तर हात अधिक बसला असता, हे मान्यच आहे. परंतु दर माध्यम वेगळी शिस्त लावते. जलरंगात पांढरा रंग लावावयाचा नसतो, कागदच कोरा राखावयाचा असतो; म्हणजे काय करावयाचे नाही, हे आधी ठरवावे लागते. शाडूत चूक सुधारता येते, पण जाड गोळा तसाच ठेवला तर सुकताना तडकतो. आतून पोकळ करण्याचा धीर हवा. लिनोवर सारे उलटे कोरावे लागते, अक्षरे तर आरशात पाहिल्यासारखी. आणि कोरून काढलेला भाग पुन्हा भरून निघत नाही. लिनो कोरू लागल्यावर माझी जलरंगातील झाडे सुधारली, कारण तोवर मी पाने मोजीत होतो, सावली पाहत नव्हतो.

असे भटकणे नेहमीच निष्फळ ठरते असेही नाही. 1890 साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव मेस्त्री कोणत्याही कलाशाळेत शिकले नव्हते. चित्रे, शिल्पे, नाटकांचे पडदे असे करीत करीत ते चलच्चित्रापर्यंत पोहोचले. त्यासाठीचा कॅमेराही त्यांनी स्वतः तयार केला. 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ‘बाबूराव पेंटर’ हे नाव मात्र चित्रपटातही टिकले. पडदे रंगविणाऱ्या हाताला दृश्य कसे मांडावे हे आधीच ठाऊक होते.

प्रत्येक हौशी माणूस बाबूराव होत नाही. मी तर खचितच नाही. माझे म्हणणे थोरपणाच्या आधारावर उभे नाही. ज्या स्मिथने 1776 साली टाचण्यांचे गुणगान केले, त्यानेच त्याच ग्रंथात इशारा दिला आहे की, जन्मभर दोनचार साध्या क्रिया करीत राहणाऱ्याची बुद्धी बोथट होते. पहिला भाग आपण परीक्षेत विचारतो, दुसरा वगळतो. केन्स यांनी 1930 साली भाकीत केले होते की, शंभर वर्षांनी माणसास आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल आणि मग फावल्या वेळाचे करावयाचे काय, हाच प्रश्न उरेल. 2030 दूर नाही. कामाचे तास तेवढे घटलेले दिसत नाहीत. पण मिळणारा फावला वेळही सत्कारणी लावण्याची तयारी आपण कोणास देतो?

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा मुले उत्साहाने देतात, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, आणि बहुतेकांची रंगपेटी तेथेच कायमची मिटते. गुणांसाठी उघडलेली पेटी गुण मिळताच बंद होणार, यात मुलांचा दोष नाही. हिशेब आम्हीच शिकविला. महाविद्यालयांनी आठवड्यातून एक दुपार, एक रिकामी खोली, थोडी माती आणि कागद एवढे उपलब्ध करून द्यावे; परीक्षा नको, बक्षीस नको, प्रदर्शनही नको. खर्च किरकोळ आहे.

दुसऱ्या दिवशी वही परत करताना मी विद्यार्थ्याची क्षमा मागितली. त्याने विचारले, ‘‘सर, हे लिनोवर उतरवता येईल का?’’ आता ते चित्र आम्ही दोघे मिळून कोरीत आहोत. राहता राहिला स्नेह्यांचा टोमणा. आपल्याकडच्या आज्या भाराभर चिंध्या कधी फेकून देत नसत. त्यांची गोधडी होई, आणि थंडीत ती घरातल्या सर्वांस पुरे.